तिसऱ्या मुठीची कहाणी

ऐका भुईमाते, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या आणि पेंगू नका. पेंग मलाही आलीय, उपास तुमचा तसा माझाही.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, देऊळ होतं, राजा होता. पाऊस तेवढा नव्हता. राजानं रथ बांधायला काढला. मग समुद्राकाठचा एक सुतार बोलावला. सुतार आला, बरोबर बायको आली, तिचं नाव येसू. निघताना आईनं येसूच्या ओटीत तवशाच्या बिया घातल्या, तवसं म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी. राखेत घोळलेल्या तीन मुठी. आई म्हणाली, "लेकी, माझ्या आईनं मला दिल्या, मी तुला देते. वेल चढला की माहेर तुझ्या दारात." येसू इकडं आली, आणि मृगाच्या आधीच तिकडं आई गेली. बिया होत्या त्या आता एवढ्याच.

नव्या घराचं अंगण पांढरं, मुरमाड. शेजारी धोंडाई राहायची. तिनं पहिल्याच दिवशी पदरात हुलगे आणले. म्हणाली, "बाई, ही भुई आधी हुलगा मागते. आधी हे पेर." येसू तोंडावर हो म्हणाली, पाठीमागं नाक मुरडलं. "हुलगे काय, घोड्याचं खाणं!" म्हणाली, आणि कोंबड्यांपुढं टाकले. धोंडाईनं कुंपणावरून पाहिलं.

मग मृग निघाला. येसूनं माहेरच्यासारखे मातीचे उंच ढीग केले, पावसाचं पाणी निथळावं, मूळ कुजू नये म्हणून. त्यावर पहिली मूठ पेरली. अगं, पण निथळायला आधी पडावं लागतं ना! चार थेंब आले, ढीग भाजून निघाले. पहिली मूठ गेली.

मग श्रावण आला. येसूनं पुन्हा ढीग केले, दुसरी मूठ पेरली. विहिरीचं पाणी डोक्यावरून आणलं, सकाळी तीन खेपा, सांजेला तीन खेपा. मान आखडली, टाचा फुटल्या. अंकुर आले, दोन पानं झाली. पण घातलेलं पाणी ढिगावरून घसरून गल्लीत जाई. पानं करपली. दुसरी मूठ गेली. नवरा म्हणाला, "बाजारातून काकडी आणतो, पण ती कळशी खाली ठेव." बाजारच्या काकडीत आई थोडीच होती.

मग तिसरी मूठ राहिली. पेरायचा धीर होईना, ठेवायचाही होईना. येसू उंबऱ्यावर बसली, रडायलाही दमली. तो वाटेनं एक म्हातारी आली. "लेकी, पाणी दे." येसूनं तांब्या दिला. म्हातारी अर्धा प्याली, अर्धा अंगणात ओतला. येसूनं ओरडायला तोंड उघडलं. म्हातारी म्हणाली, "ओरडू नको, बघ. कुठं गेलं?" पाणी न्हाणीमागच्या खळग्यात गेलं आणि तिथं जिरलं. "एवढी राबलीस, पण हे कधी पाहिलंस?"

"नाही पाहिलं. आई, मला वसा सांगा."

"तुला गं वसा कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

येसू म्हणाली, "उतायला अंगात जोर नाही, मातायला घरात काही नाही. सांगायचं तर सांगा."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "वर्षभर आपलं काही लावू नये. रोज सकाळी अंगणात बसावं. ऊन कुठून येतं पाहावं, वारा कुठून येतो पाहावं, पाणी कुठं थांबतं पाहावं. जिचे दाणे टाकले तिच्या दारी जावं, पदर पसरावा, मागून आणावे, आधी ते पेरावे. मग आपलं. पहिलं फळ तिला द्यावं." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ती कोण, ते मी सांगायला नको.

येसू धोंडाईच्या दारी गेली. पदर पसरला. "धोंडाई, मी तुझे हुलगे कोंबड्यांना घातले."

"ठाऊक आहे. अंडी तरी बरी झाली का?" धोंडाई आत गेली, पुन्हा पदरभर हुलगे घेऊन आली. वर म्हणाली, "आणि ते ढीग मोड. इथं खड्ड्यात पेरतात, बाई."

मग वर्ष सरलं. हुलगे झाले, भुई मऊ पडली. कुंपणाला धोंडाईच्याच शेवग्याची फांदी लावली, वारा अडला. इकडचा पाऊस उशिरा, उत्तरा नक्षत्रात येतो, तेही बसल्या बसल्या कळलं. तेव्हा येसूनं खळग्यात तिसरी मूठ पेरली. सात वेल उगवले, सहा गेले, एक राहिला. त्याला एकच तवसं धरलं. माहेरी हातभर व्हायचं, हे वीतभर.

आता आली का पंचाईत! पहिलं फळ द्यायचं, आणि पहिलं तेच शेवटचं. आईचं सगळं बियाणं त्याच्या पोटात. येसूनं तीन दिवस ते वेलावर पिकू दिलं, तीन दिवस जेवली नाही. मग देठ तोडला, आणि धोंडाईच्या हातात नेऊन दिलं.

धोंडाईनं तवसं चिरलं. गराला मीठ लावलं, दोघींनी खाल्लं. बिया राखेत घोळल्या. निम्म्या पुढच्या पेऱ्यासाठी आपल्या भिंतीला थापल्या. म्हणाली, "एकीकडं करपलं तर दुसरीकडं राहील." निम्म्या मुठीत घेतल्या. "लेकी, पदर धर," म्हणाली, आणि येसूची ओटी भरली. आई गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. येसू तिथंच शेवग्याखाली बसली आणि पोटभर रडली.

जशी भुईमाता येसूला पावली, तशी तुम्हा आम्हा पावो. दमल्या बाईला सावली मिळो, आणि बी ठेवायला शेजारणीची भिंत. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी इथं टेकली, सुफळ झाली. टाका तांदूळ.