उशिरा येणारे कासव

एका माळावर, तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. माळावरच्या सगळ्या पिल्लांची शाळा ती घेई, म्हणून लहानथोर सगळे तिला बाई म्हणत. बाई शिस्तीच्या होत्या, मनाने चांगल्या होत्या, पण मुलांनो, शाळेचा त्यांना भारी अभिमान. "माझ्या शाळेत कुणी कुणाला बोट लावत नाही," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आता बाई शाळेला उडत येत आणि उडतच घरी जात. खाली वाटेवर काय चालते, हे त्यांना कसे कळावे?

या शाळेत सगळ्यात मोठा धडा एकच होता. दर चैत्रात तळे आटे, आणि मग सगळ्यांना टेकडीपलीकडच्या डोहाकडे जावे लागे. त्या वाटेवर चौदा खुणा होत्या. कुठे फुटका खडक, कुठे वाकडी बोर, कुठे ओढ्याचे कोरडे पात्र. एक जरी खूण चुकली तरी माळावर उन्हात तडफडायची पाळी. एका कासवाच्या पिल्लाचे वडील मागच्या उन्हाळ्यात असेच वाट चुकले, ते परत आलेच नाहीत. आई कशीबशी दुसऱ्यांच्या मागून पोचली, पण वाट तिलाही ठाऊक नव्हती. म्हणून तिने पोराला शाळेत घातले. आणि पोर हुशार निघाले! ससा टणाटण उड्या मारत जाई, त्याला जेमतेम चार खुणा आठवत. कासव प्रत्येक दगडाला खेटून जाई, त्याला नऊ खुणा तोंडपाठ झाल्या होत्या.

पण पुढे पुढे या कासवाला उशीर होऊ लागला. आधी थोडा, मग पार अर्धी शाळा झाल्यावर ते धापा टाकत येई. बाईंनी यावर फार विचार केला नाही. कासवच ते, उशीर व्हायचाच! एकदा त्यांनी भर वर्गात त्याला लवकर निघत जा म्हणून बजावले. सगळे हसले. कोल्ह्याचे पोर सगळ्यात मोठ्याने हसले. कासवाने मान आत ओढून घेतली, आणि बाईंना वाटले, लाजले बिचारे.

त्यानंतरही उशीर काही टळेना. आणि एक दिवस कासव आलेच नाही. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. "शाळा काही सगळ्यांनाच झेपत नाही," असे म्हणून बाईंनी एक सुस्कारा सोडला. ससा काहीतरी बोलणार होता, पण कोल्ह्याच्या पोराने त्याच्याकडे रोखून पाहिले, तसा तो मुकाट्याने गवत चघळत बसला.

नवव्या दिवशी बाईंनी वर्गाला मागच्या खुणा विचारल्या. सातवी कोणालाच सांगता येईना. बाईंना कासवाची आठवण झाली आणि मनाला चुटपुट लागली. शाळा सुटताच त्या थेट कासवाच्या बिळाशी जाऊन उतरल्या. आई दारातच होती. बाईंनी तिलाच दोष दिला, पोराला वेळेवर पाठवत जा म्हणाल्या. आई चकित झाली. "अहो बाई, तुम्ही बोललात त्या दिवसापासून मी त्याला झुंजूमुंजू होताच धाडत होते. हळू चालले तरी उन्हे वर यायच्या आत पोचत असणार. आता आठ दिवस मात्र जात नाही म्हणते, का ते सांगत नाही," ती म्हणाली.

मग उशीर कशाने? बाई विचारात पडल्या. तेवढ्यात त्यांची नजर आत कोपऱ्यात बसलेल्या पिल्लावर गेली. पोटाने सरपटणारे कासव, माती लागायची तर पोटाला लागायची. याच्या पाठीवर वाळलेल्या चिखलाचे थर होते आणि कवचावर सगळीकडे ओरखडे.  बाई पिल्लाजवळ जाऊन बसल्या. हळूहळू पिल्लाने मान बाहेर काढली.

"बाई, चालून मी दमत नाही," ते म्हणाले. "पण वारुळापाशी ते तिघे असतात."

मग सगळे बाहेर आले. कोल्ह्याचे पोर आणि मुंगसाची दोन पिल्ले वारुळाच्या वळणावर दबा धरून बसत. कासव दिसले की त्याला शेजारच्या चिखलाच्या खड्ड्यात उताणे करत आणि पाय हलवताना पाहून खिदळत शाळेत पळत. मग कासव मानेने रेटा देत देत कसेबसे सुलटे होई. लवकर निघाले तर तेही लवकर येत. आईला सांगितले तर ती रडेल, आणि बाईंना सांगावे तर बाईच हसणाऱ्यांच्या बाजूच्या वाटत.

बाईंची मान खाली गेली. "चुकले रे बाळा माझे," त्या म्हणाल्या. "उद्या त्या वळणावर मी असेन."

"आणि परवा?" कासवाने विचारले.

"परवाही. तू पुरे म्हणेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या पायी. वारुळामागे तिघे सापडलेच. आम्ही गंमत करत होतो, असे कोल्ह्याचे पोर म्हणाले. बाईंनी त्याच्या अंगाला हात न लावता त्याला शेजारच्या खड्ड्यात उताणे पडायला लावले आणि आभाळाकडे बघत राहायचे, उठायचे नाही, म्हणून सांगितले. ऊन डोळ्यांवर आले तसे पोर कळवळले, रडकुंडीला आले. "येते का हसू?" बाईंनी विचारले आणि त्याला लगेच उठवले. ते पाहून मुंगसाच्या पिल्लांनीही कान धरले. मग त्या तिथून हळूच निसटू पाहणाऱ्या सशाकडे वळल्या. त्याने रोज पाहिले होते आणि रोज तिथून पळ काढला होता. बाई त्याला रागावल्या नाहीत, पण उद्यापासून तू कासवाबरोबर चालायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. ससा कुरकुरला, तरी गेला. महिनाभरात त्यालाही बारा खुणा येऊ लागल्या. कासवाने तर चौदाच्या चौदा पाठ केल्या, आणि मग एक दिवस ते स्वतःच बाईंना पुरे म्हणाले.

चैत्रात तळे आटले. सगळा माळ डोहाकडे निघाला आणि भराभर पुढे गेला. कासवाने घाई केली नाही. आईला मागे घेऊन ते खडकाशी वळले, बोरीशी वळले, पात्र ओलांडून गेले. "अरे, नक्की ना?" आई दर वळणावर विचारी, आणि ते न थांबता हो म्हणे. तिसऱ्या दिवशी मायलेकरे डोहाच्या गार पाण्यात उतरली.

तात्पर्य : ज्याची शाळा सुटते, त्याच्या पायांना दोष देण्याआधी त्याची वाट कोणी अडवली ते पाहावे.