बाबांच्या हातातला निखारा

“विस्तव हातात धरायचा मंत्र मला कधी देणार, बाबा?”

हे विचारणारा विश्वंभर. मठात सात वर्षं काढलेली, आणि आपणच थोरला चेला, याचा ताठा भारी.

लालगीर बाबा सकाळचे धुनीपाशी बसले होते. दर सोमवारी बाबा उघड्या हातानं धुनीतला निखारा उचलायचे नि चिलमीवर ठेवायचे. हात हलायचा नाही, तोंड वाकडं व्हायचं नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या... लोक म्हणायचे, समाधी. मीही म्हणायचो. मी धुनीला लाकडं घालणारा, मला काय कळतंय.

बाबांनी चिमट्यानं एक निखारा राखेवर ओढला.

“किती?”

“एक, बाबा.”

“मला दोन दिसतात.”

विश्वंभरनं झटकन हात जोडले. “दुसरं रूप दिसतं तुम्हाला, बाबा! आम्हा पाप्यांना कुठलं?”

बाबांनी एका डोळ्यावर पालथा हात ठेवला.

“आता एकच. तुझं दुसरं रूप गेलं कुठं?”

विश्वंभरचे जोडलेले हात खाली आले.

मग बाबांनी उजवी मूठ उघडली.

अगं आई... बोटांची कातडी काळी पडून सोललेली. आत लाल मांस. माझ्या हातातलं लाकूड गळून पडलं.

“हे... हे कळलं नाही तुम्हाला?” मी विचारलं.

“वास आला, तेव्हा कळलं.”

बाबाच पुढं म्हणाले, “आधी भाजायचं रे. तेव्हा चिमटा घ्यायचो. तेव्हा पाया पडायला कुणी येत नव्हतं.”

बाबांनी झोळीतून गोळ्यांची बाटली काढली. बाबांनी सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त तपासलं होतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद चाललीय म्हणाल्या. त्यानंच नसा बधिर झाल्यात, डोळ्यांचे स्नायूही नीट चालत नाहीत. रोज उपाशीपोटी एक गोळी. सावकाश फरक पडेल.

विश्वंभर पांढराफटक पडला.

“उद्या सोमवार, बाबा. तीन गावचं माणूस यायचंय... एवढा सोमवार होऊ द्या. गोळी मग सुरू करा.”

जळक्या हाताकडं त्यानं पुन्हा बघितलंही नाही. सात वर्षं ज्याचे पाय चेपले, त्याचा हात...

बाबांनी गोळी जिभेवर ठेवली. वर सावकाश पाणी प्यायले.

“मग लोकांना सांगू काय मी?” विश्वंभर रडकुंडीला आला.

बाबांनी चिमटा उचलून त्याच्या हातात दिला.

“सांग... भाजावं म्हणून बाबा औषध घेतोय.”