पाण्यावरचे टाके

एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध जांभळाचे एकच झाड उभे होते आणि त्यावर तांबड्या मुंग्यांचे राज्य होते. पानाला पान जोडून, रेशमी धाग्याने शिवून त्या आपली घरे बांधत. चहूकडे पाणी, त्यामुळे झाड सोडून कोणी कधी कुठे गेले नव्हते. ‘साऱ्या जगात शहाण्या काय त्या आपणच,’ असे सगळ्या मानत. एका मुंगीला मात्र ते पटत नसे. पाण्यावर ओणवलेल्या फांदीच्या टोकाशी बसून ती पैलतीराकडे पाहत राही. “तिकडे हजारो झाडे आहेत. एकावरही कोणी नसेल?” ती विचारी.

एके सकाळी एक गुंडाळलेले पान तरंगत आले. “आले! कोणाचे तरी घर आले!” मुंगी ओरडली. हातातली कामे टाकून सगळ्या धावल्या. सर्वांत वडील मुंगीने पान चाचपले. “अगं, वाळले की पान आपोआप वळते. यात धागा कुठे आहे?” ती म्हणाली. एकच हशा पिकला. मुंगी ओशाळली, पण म्हणणे तिला पटले. “तुझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो,” वडील मुंगीने बजावले. “उद्यापासून तूही घरे शिवायला ये.”

हाताशी उरला तो एकच दिवस! मुंगी फांदीवरून हलली नाही. येणारे प्रत्येक पान ती उलटसुलट तपासू लागली. उन्हे कलली तशी आंब्याची दोन पाने काठाला काठ लावून डुलत आली. या वेळी ती ओरडली नाही. खाली उतरून तिने मिशांनी कडा चाचपली. पांढरा धागा!

“आजी, जरा येऊन बघ ना.”

वडील मुंगी शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत येऊन ती म्हणाली, “आपल्या झाडाला आंब्याची पाने नाहीत. आणि असे दुहेरी टाके आपल्यात कोणालाच येत नाहीत. अगं पोरी, कोणीतरी आहे! आपल्यापेक्षाही हुशार आहे!”

झाडभर नुसती धावपळ उडाली. मुंग्या नाचल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रात्र होण्याआधीच जांभळाची दोन पाने शिवून तयार झाली. वारा फिरताच वडील मुंगीने ती स्वतः पाण्यात लोटली आणि म्हणाली, “पोरी, ही फांदी आता तुझी. पाहत राहा.”

तात्पर्य : आपल्याला दिसले नाही म्हणून कोणी नाहीच असे समजू नये, आणि कोणी आहे असे वाटले, तरी पुरावा तपासल्याशिवाय मानू नये.