येसू लोहारणीची सुरी

त्या दिवशी येसू लोहारीण दारात बसून भात्याच्या चामड्याला तेल चोळत होती. आत चुलीवर हुलगे शिजत होते. लेक तुळसा बाळंतपणाला आली होती, ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. पठाराच्या वाटेने बिरा धनगर घोडं हाकत आला. घोड्यावर एक काळा धोंडा बांधला होता आणि बिराच्या खांद्यावर येसूच्या नवऱ्याचं, गेनबाचं पागोटं होतं.

येसूने पागोट्याकडे पाहिलं आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"वहिनी, सावलीला टेकला होता," बिरा म्हणाला. "धोंडा मांडीवर. मला वाटलं, डोळा लागलाय. माणसं घेऊन येतायत मागून."

या गोष्टीला किती पिढ्या झाल्या, ते उंबरठाण गावात आज कुणाला सांगता येत नाही. पण गेनबा लोहार कशापायी पठारावर गेला होता, ते पोराटोरांनाही माहीत आहे. तुळसाची आधीची दोन लेकरं पाचवी उजाडायच्या आत गेली होती. अशात पठारावर आभाळातून आगीचा गोळा पडला. गेनबा म्हणाला, "जमिनीच्या लोखंडाने दोनदा नाळ कापून पाहिली. आता हे वरचं आणतो. त्याची सुरी करू." येसू म्हणाली होती, "वय झालं तुमचं. एवढं ओझं झेपायचं नाही." तो हसून गेला होता.

त्या दोघांच्या कामाची एक रीत होती. गेनबा तापलेलं लोखंड सांडशीत धरी आणि छोट्या हातोडीने, जिथे टोला हवा तिथे, टक् करी. येसू तिथेच घण घाली. बोलणं नसे. काम पुरं झालं की तो रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके देई आणि मग येसू घण खाली ठेवी. लग्न होऊन आल्यापासून त्या ठोक्यांवाचून तिने घण खाली ठेवला नव्हता.

दहन झालं आणि दुसऱ्याच दिवशी येसूने भट्टी पेटवली. थोरला दीर धावत आला. "अगं, सुतकात भट्टी पेटवतात का कुठं?"

"तुळसाचं पोर सुतक फिटेपर्यंत थांबणार आहे का, भावोजी?"

दीर मागे फिरला. सांडशी धरायला तो थांबला नाही. बिरा थांबला.

"मला मेंढरू धरायची सवय, वहिनी."

"तसंच धरा. फक्त हे ओरडत नाही."

येसूने धोंडा रोजच्या लोखंडासारखा पांढरा होईपर्यंत तापवला आणि घण घातला. धोंडा भाकरीसारखा फुटला. तुकडे राखेत उडाले. तुळसाने दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. येसू खाली बसली. फार दमली होती ती. तिला वाटलं, असंच बसून राहावं.

मग तिला गेनबाचं बोलणं आठवलं. त्याला चमत्कारिक वस्तूंचा नाद होता. फुटक्या घंटेचा लोळा, मोडका लगाम, बुडालेल्या नावेचे खिळे, असलं काहीबाही तो घरी आणी आणि म्हणे, "परक्या लोखंडाला मंद आच द्यायची आणि सोबतीला आपल्या घरातलं लोखंड द्यायचं. मग ते बुजत नाही."

घरातलं म्हणजे कुठलं? येसूने सगळीकडे नजर फिरवली. मग गेनबाची हातोडी उचलली, दांडा काढून बाजूला ठेवला आणि माथा भट्टीत घातला.

"वहिनी, त्याची हातोडी ती!"

"म्हणून तर."

तिने हातोडीचा माथा ठोकून ठोकून चपटा केला. पोळीत पुरण भरावं तसे आभाळाचे तुकडे त्यात घातले, कडा दुमडल्या आणि मंद आचेवर ठेवले. आता टोला कुठे घालायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. तिने घण उचलला आणि उभी राहिली. असं म्हणतात की, तेव्हा तापल्या लोखंडावर टक् असा आवाज झाला. बिराने तो ऐकला. तुळसाने ऐकला. येसूने घण घातला. पुढे प्रत्येक टोल्याआधी तसाच आवाज येत गेला आणि लोखंड एकजीव होत गेलं.

सुरी झाली. चिंचेच्या पाण्याने घासल्यावर तिच्या अंगावर ओढ्याच्या पाण्यासारख्या रेषा उमटल्या. हातोडीचाच बाभळीचा दांडा तासून तिला मूठ केली. गेनबाच्या अंगठ्याने झिजलेली जागा तेवढी येसूने तशीच ठेवली.

सुईणीने त्या सुरीने नाळ कापली. मुलगी झाली. पाचवी उजाडली, आणि पोर दूध मागत होतं. असं म्हणतात की, त्या सकाळी तुळसा इतकी रडली की पोर घाबरून गप्प झालं.

पण येसूने घण खाली ठेवला नाही. उजव्या हाताने पाळणा हलवी, डाव्या हातात घणाचा दांडा. पुढे उचलवेना, तेव्हा खांद्याला टेकवून बसू लागली. बिरा येता-जाता म्हणे, "वहिनी, झालं की आता. ठेवा तो."

"ते सांगतील."

असं म्हणतात की, ती गेली तेव्हाही घण तिच्या खांद्याला टेकलेला होता.

अजूनही उंबरठाणात बाळ झालं की येसूची सुरी त्या घरी जाते. पाचवीपर्यंत ती बाळाच्या उशाखाली असते, मग आई ती चिंचेच्या पाण्याने घासून पुढच्या घरी देते. सुरी द्यायला जाताना बाळाची पावलं येसूच्या ऐरणीला टेकवतात. ऐरण लिंबाखाली उघड्यावरच आहे. पोरं तिथे खेळतात, तिच्यावर चढतात, पण तिच्यावर दगड आपटायला कुणी लागलं तर म्हातारी माणसं हात धरतात. गेनबाची हातोडी सुरीत गेली, आणि त्या दिवशीचे ऐरणीवरचे त्याचे दोन ठोके द्यायचे राहिले.