सारथ्याच्या खांद्यावरची बकरी

एका राज्यात सगळी चाके एकाएकी थांबली. गाडीचे चाक फिरेना, कुंभाराचे फिरेना, घरोघरीचे जातेही फिरेना.

त्याला कारण घडले ते असे. राजा अमोघसेन शिकारीस निघाला होता. रथ हाकीत होता सुनाभ. तो एका पायाने अधू होता, पण लगाम हाती आला की त्याच्या तोडीचा सारथी नव्हता. वाटेत एक बकरी दोन करडांसह आडवी आली.

"महाराज, थांबतो," सुनाभ म्हणाला.

"थांबू नकोस," राजा म्हणाला.

सुनाभाने लगाम खेचला नाही. दोन्ही करडे चाकाखाली गेली, बकरीचा पाय मोडला. बकरी होती मेदिनी नावाच्या मांत्रिकेची. तिने उभ्या जागी शाप दिला आणि चाके थांबली.

तिसऱ्या दिवशी राज्यात चिमूटभर पीठ उरले नाही. सुनाभ लंगडत मेदिनीच्या दारी गेला.

"शाप कशाने सुटेल?"

"या बकरीला उत्तरशिखरावरच्या झऱ्याचे पाणी पाज. वाटेत हिला भुईवर टेकवायचे नाही. वाहनावर बसायचे नाही. शिखरावर ही जे मागेल, ते नाकारायचे नाही."

सुनाभाने बायकोचा, रेवेचा निरोप घेतला, बकरी खांद्यावर घेतली आणि तो चालू लागला. वाळूच्या प्रदेशात सात दिवस तो खडकांना टेकून उभ्यानेच झोपला. डोंगराच्या पायथ्याशी राजाचा पोपट उडत आला.

"राजाज्ञा आहे. मागून घोडा येतो आहे, त्यावर बस आणि लवकर जा. लोक भुकेले आहेत."

"राजाज्ञा मी एकदा पाळली," सुनाभ म्हणाला. "ही पाळणार नाही."

शिखरावर पोहोचला तेव्हा त्याचा अधू पाय सुजून काळानिळा झाला होता. झऱ्याशी बकरी बोलू लागली.

"मी पाणी प्यायले की चाके फिरतील. माझा पाय मात्र सांधला जाणार नाही. मला कधीच खाली ठेवू नकोस."

सुनाभाला रेवा आठवली. त्याने बकरी खांद्यावर नीट सावरली. मग म्हणाला, "नाही ठेवणार. पी."

बकरी पाणी प्यायली. खाली गावोगावी जाती घरघरू लागली.

सुनाभ परतला नाही; त्या संध्याकाळी उत्तरेकडे पाच ताऱ्यांची नवी आकृती उगवली. तिच्या खांद्याशी पिवळसर, तेजस्वी तारा होता आणि त्याला बिलगून दोन मंद तारे. लोक त्या आकृतीला सारथी म्हणू लागले, तेजस्वी ताऱ्याला ब्रह्महृदय.

राजा पायी चालत रेवेच्या दारी आला.

"माझ्यामुळे घडले. तुला काय देऊ?"

रेवा जात्यात दाणे टाकीत होती. तिने हात थांबवला नाही.

"मला काही नको. सारथी थांबतो म्हणाला, तर त्याला थांबू द्या."

राजाने दुसऱ्या दिवशी तशी दवंडी पिटवली. त्या राज्यात आजही लगाम ज्याच्या हाती, थांबण्याचा हुकूम त्याचाच.