फुलाखालचं चित्र

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या मेक्सिको मुलखात, एका गावात एक काळजीखोर आई राहायची. लेक जेवली नाही तर तिला काळजी, आणि जास्त जेवली तर वेगळी काळजी.

त्या मुलखात नावं अक्षरांनी नाही, चित्रांनी लिहीत. एकदा गावातल्या पोरांची नावं लिहायला चितारी आला. झाडाच्या सालीच्या कागदावर तो पोराचं तोंड काढी, डोक्यापासून बारीक रेघ ओढी आणि रेघेच्या टोकाला नावाचं चित्र काढी. मग चौकात नावं वाचायची, आणि आपलं नाव आलं की पोरानं पुढे यायचं.

आईनं वाकून पाहिलं. लेकीच्या रेघेला सुरेख फूल होतं. बरोबर, लेकीचं नाव शोचित्ल, आणि त्यांच्या भाषेत शोचित्ल म्हणजे फूलच. पण फुलाखाली हे काय? चक्क ढुंगण!

"अहो, हे काय काढलंत? जन्मभर चिडवतील तिला!"

"बाई, आधी विचारा तरी, ते कशाला..."

"विचारायचं काय त्यात? डोळे आहेत मला. खरवडून टाका!"

चितारीनं खरवडलं. आपण जरा जास्तच आवाज चढवला का, असं आईला घरी जाताना वाटलं. पण परत जायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात चितारी वाचू लागला. "शोचित्ल!" कुणी उठेना. "शोचित्ल!" आईनं हळूच पुढे ढकललं, तरी लेक तिच्या मांडीवरच बसून राहिली. यादी संपली तसा तिचा ओठ थरथरला.

"आई, माझं नाव नाही घेतलं."

"घेतलं की गं! शोचित्ल."

"ते माझं नाही. मी शोचित्सिन."

खरंच की! घरीदारी सगळे तिला मायेचं 'त्सिन' लावूनच हाक मारत. आई चितारीकडे धावली.

"ते चित्र... कशाला होतं?"

"ढुंगणाला आपण काय म्हणतो?"

"त्सिंत्ली," ती पुटपुटली.

"त्यातला नुसता 'त्सिन' हा आवाज घेतला होता मी. मायेचं चित्र कुठून आणू, बाई? आवाज सापडेल तिथून घ्यावा लागतो."

"परत काढा ना."

"काय काढू?" चितारी काही बहिरा नव्हता.

"ते... खरवडलंत ते."

"ऐकू नाही आलं."

"माझ्या लेकीच्या नावाला ढुंगण काढा हो!"

सगळा चौक खो खो हसला. चितारीनं फुलाखाली चांगलं गुबगुबीत ढुंगण काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शोचित्सिन!"

लेक दुडुदुडु पुढे धावली.

तात्पर्य: जे कळलं नाही ते खरवडण्याआधी विचारून घ्यावं, एकट्यात विचारलं की चौकात ओरडावं लागत नाही.