पुकाकंचाचे न झिजलेले उंबरे

पाहुण्यांनो, त्या दाराशी नका थांबू. वळसा घालून मागून या. मी सातुर्निनो, अँडीज डोंगरातल्या या पुकाकंचा गावातला सगळ्यात म्हातारा. हे गाव वसवलं स्पेनच्या राजाच्या माणसांनी, राखलं मात्र आम्ही. आत येण्याआधी दोन्ही उंबरे बघून घ्या. चौकाकडच्या उंबऱ्याची कड अजून बोटाला लागते. मागचा इतका झिजलाय की त्यात पावसाचं पाणी साठतं.

सांगतात ते असं. समुद्रापलीकडून ते लोक आले, डोंगरावरच्या आमच्या वस्त्या त्यांनी जाळल्या आणि खाणीत राबवायला सगळ्यांना खाली आणून रांगेतल्या घरांत वसवलं. मधे चौक, चौकात पहारा. कप्तानाचा हुकूम, घराला दार एकच आणि तेही चौकाकडे. वर गुहेत आमचे मेलेले वाडवडील सुकवून बसवलेले होते. पेरणीआधी त्यांना मक्याची दारू पाजायची, वर्षभराच्या बातम्या सांगायच्या, ही आमची रीत. ती तुटली की ही माणसं आपलीच, असं त्याला वाटलं.

घरं बांधली वाल्पा गवंड्याने. आम्ही दगडाला दगड घासून बसवतो, चुना लागत नाही. वाल्पाने म्हणे प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत एक दगड असा बसवला, की दोघांनी आतून रेटला तर निघावा, पण सांध्यात सुरीचं पातंही शिरू नये. पेरणी आली की वर गुहेपाशी धूर दिसायचा. पहारेकरी शपथेवर सांगायचे, एकही दार उघडलं नाही.

तिसऱ्या वर्षी कप्तानाने वाल्पाला चौकात उभं केलं. "वाट कुठून आहे?"

"तुम्ही चौकाकडे दार मागितलंत. दिलं की!"

शिपायांनी त्याचे दोन्ही हात ठेचले. तो किंचाळला, पण वाट सांगितली नाही. मग त्याला त्याच्याच दारात फेकून दिलं.

त्याच्या बायकोने, तिचं नाव चुकी, त्याला आत ओढलं. त्याचे हात पाहिले आणि भावाला म्हणाली, "ऊठ. आता लपवायचं कशासाठी?" दोघांनी दगड रेटला. तो धाडकन बाहेर पडला. मग शेजारचा पडला, मग ओळीने सगळे. भर दुपारी अख्खं गाव मागून निघालं आणि वाल्पाला पाठीवर घेऊन डोंगर चढलं. कप्तान चौकातून बघत राहिला. सगळ्यांना मारलं असतं तर त्याच्या खाणीत उतरलं कोण असतं?

गाव परतलं तेही मागूनच. पडलेले दगड पुन्हा बसवले नाहीत, जागीच आडवे केले. तेच हे मागचे उंबरे. वाल्पाला पुन्हा छिन्नी धरता आली नाही. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू?

आजही आमची नवरी मागून येते, मढं मागून जातं. सरकारी साहेबाला मागून यायची लाज वाटली तर तो चौकात उभा राहतो, आम्ही पाणी बाहेर नेऊन देतो. पुढचं दार आम्ही पाडलेलं नाही. कप्तानाने मागितलं होतं ना, राहू दे.

या आता. या दगडावर पाय नीट दाबून ठेवा, तुमच्याही पायाने थोडा झिजू दे.